स्थापना १९८८

माकड फ्लेक्स फाडतं. पत्रा फाडत नाही.

येथे पिको, फॉल व ब्लाऊज शिवून मिळतील. अर्जंट मिळणार नाही.

आठ हा आकडा ब्रश न उचलता काढता येतो.

एका मोठ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली सोयाबीनची बारा पोती झाकली जातात. लहान वाढदिवसाखाली पाच.

भासरे सहा फूट उंच होते.

यवतमाळची बस चार वाजून चाळीस मिनिटांनी सुटते. त्यानंतरची साडेसातला. ती कधीकधी असते.

खांब क्रमांक २१४ वर २१४ असं लिहिलेलं आहे.

पिवळा

जुन्या बस स्टँडमागच्या गल्लीत चौदा दुकानं आहेत. गल्लीला नाव नाही. पाकिटावर 'जुन्या स्टँडमागे' एवढं लिहिलं तरी पोस्टमन आणून देतो. एका टोकाला फुलसिंग राठोडचं चपलांचं दुकान आणि दुसऱ्या टोकाला नलूबाई भगतचं शिलाईचं. मधल्या बारा दुकानांचं इथं फारसं काम नाही. एवढंच, की त्यांच्यापैकी आठ दुकानांच्या पाट्यांवर खाली बारीक अक्षरांत 'स्थापना १९८८' असं लिहिलेलं आहे. फुलसिंगच्या पिवळ्या पाटीवरही तेच आहे. फुलसिंगने दुकान टाकलं २०१६ साली.

दिवाळीनंतर नगर परिषदेची नोटीस आली. ती दुकानांना न देता गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हातपंपाला चिकटवली होती.

'रस्ता रुंदीकरणात सदर गल्लीतील सर्व दुकाने हटविण्यात येत आहेत. जे दुकानदार १ जानेवारी १९९५ पूर्वीपासून सदर ठिकाणी व्यवसाय करीत आहेत, त्यांना नवीन व्यापारी संकुलात तळमजल्यावर गाळा देण्यात येईल. उर्वरितांना गुरांच्या बाजारामागील जागा चिठ्ठ्या टाकून देण्यात येतील. पुराव्यादाखल परवाना, वीज देयक, अथवा स्थापनेचे वर्ष दर्शविणारी दुकानाची जुनी पाटी यांपैकी एक ग्राह्य धरण्यात येईल. मुदत पंधरा दिवस.'

नलूबाईने नोटीस दोनदा वाचली. तिचं वय अठ्ठावन्न. त्यातली तीस वर्षं त्याच एका मशीनवर गेली होती. गुरांचा बाजार गावाबाहेर तीन किलोमीटरवर.

"ब्लाऊज घालून पाहाले बाई बैलाईच्या गर्दीत येईन का?" ती हातपंपाला म्हणाली. तिथं दुसरं कोणी नव्हतं.

मग ती पुराव्याला लागली. परवाना तिने कधी काढलाच नव्हता. विजेचं मीटर दुकानामागच्या दाताच्या दवाखान्याच्या नावावर होतं. बाजार वसुलीच्या पावत्या तिने एका लाकडी खोक्यात वर्षानुवर्षं जपून ठेवल्या होत्या. उधईने पावत्या खाल्ल्या आणि खोकं सोडलं.

उद्घाटनाचा एक फोटो होता. त्यात नलूबाई पांढऱ्या साडीत आहे. कडेवर दोन वर्षांची दीपा आहे. दुकानाला तिचंच नाव. मधोमध नलूबाईचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, उभे आहेत. दुकान ठेंगणं होतं. भासऱ्यांच्या डोक्याच्या डावीकडे पाटीवरचं 'दी' दिसतं आणि उजवीकडे 'र्स'. सालासमोर त्यांची मान आहे.

आणि आत्ता दुकानावर असलेला फ्लेक्स? तो २००९ साली लावला. 'दीपा लेडीज टेलर्स', आणि बाजूला एक हसणारी बाई. ती बाई गावात कोणाला माहीत नाही. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये ती होती. ब्यूटी पार्लरवरही तीच आहे आणि रक्त तपासणीच्या लॅबवरही. फ्लेक्सवर साल नाही. नलूबाईने विचारलं होतं तेव्हा फ्लेक्सवाला म्हणाला होता, आजकाल साल टाकत नाहीत, जुनाट वाटतं.

त्याआधी पंधरा वर्षं दुकानावर निळी पत्र्याची पाटी होती. पाटीवर साल होतं. फ्लेक्स आल्यावर नलूबाईने ती पाटी पेंटर नागोरावला देऊन टाकली होती.

नागोराव त्या दिवशी घाटंजी रोडवर होता. पाट्यांचं काम संपल्यापासून तो विजेच्या खांबांवर नंबर टाकतो. नलूबाई पोचली तेव्हा २३१ चा शेवटचा एक चालू होता. एक पूर्ण होईपर्यंत ती थांबली.

"नागोभाऊ, माही निळी पाटी कोठी हाये?"

"कोनती निळी?"

"माह्या दुकानाची. फ्लेक्स लावला तवा तुले देल्ती."

नागोरावने ब्रश डब्यात बुडवला. "पत्रा काही वाया जात नाई नलूबाई. त्याच्यावर मोबाईलवाल्याचं लिवलं. हिरवं. थो गेला, मंग चायनीजवाला आला. लाल. थो बी गेला. मंग फुलसिंग."

"म्हंजे माही पाटी फुलसिंगच्या दुकानावर हाये?"

"फुलसिंगच्या पाटीखाली हाये."

"पाटीखाली तं फुलसिंग बसते."

"पाटीच्या आत म्हन."

नलूबाई तशीच गल्लीत परतली. फुलसिंगच्या पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, सालालगतच्या खिळ्याजवळ टवका उडालेला होता. टवका रुपयाच्या नाण्याएवढा. कडेला पिवळा, मग लाल, मग हिरवा, आणि मधोमध, तीळ असावा तसा, निळा.

लाल

लाल पाटी सात महिने टिकली. तिच्यावर ड्रॅगन होता. नागोरावने ड्रॅगन पाहिलेला नव्हता, त्यामुळे तो मुंगसावर गेला. दुकान रवीचं होतं. रवीचा जन्म १९९०चा. त्याच्या पाटीवरही स्थापना १९८८ होती.

रवी आता आर्णी रोडवर ऑटो चालवतो. त्याला नलूबाईने विचारलं, खोटं साल लिहिलं तेव्हा तू काही बोलला नाहीस का?

"काकू, मुंगसाकडे पाहूनच मले एवढा वेळ लागला," रवी म्हणाला, "साल मी वाचलंच नाई."

हिरवा

हिरवी पाटी गुडलक मोबाईल शॉपीची होती. ते दुकान चार वर्षांत बंद पडलं. नागोरावच्या मते ती त्याच्या हातची सगळ्यात चांगली पाटी. तिच्याविषयी इथं सांगण्यासारखं एवढंच, की नागोराव जुनी पाटी खरवडत नाही. त्याच्या मते खरवडलेला पत्रा गंजतो. तो जुन्या अक्षरांवरच अस्तर मारतो, रात्रभर वाळवतो आणि सकाळी नवीन लिहितो. दुपारी तो लिहीत नाही.

"काहून?" नलूबाईने विचारलं. ती आता रोज खांबांवर जात होती. त्या दिवशी खांब २३८ होता.

"दुपारून ऊन तिरपं येते. मंग खालचं अक्षर वर येते. जुनं दिसते, नवीन दिसत नाई. हात भलतीकडे जाते."

नलूबाईने खांबावर पडलेल्या उन्हाकडे पाहिलं.

"म्हंजे दुपारच्या उन्हात माही पाटी दिसन?"

"दिसन ना. पन तुले त्याचा उपयोग नाई."

"काहून नाई?"

"तुह्या पाटीवर बी अठ्ठ्याऐंशीच असन. मी सगळ्याईले अठ्ठ्याऐंशीच लिवलं. एकाच साली एवढी दुकानं, कोन खरं मानन?"

आणि मग त्याने नऊ पाट्यांचं, चार थरांचं आणि तीस वर्षांचं कारण सांगितलं. दुकानाचं नाव लिहिलं, खाली काय मिळतं ते लिहिलं, की पाटीच्या तळाशी जागा उरते. रिकामी पाटी बरी दिसत नाही. तिथं स्थापना लिहिली की भरल्यासारखी वाटते. दुकानदाराला साल विचारावं तर तो बायकोला विचारतो, बायको तिच्या भावाच्या लग्नावरून काढते, त्यात अर्धा दिवस जातो. शिवाय नऊला वेटोळं, चाराला गाठ, सहाला शेपूट. आठाला काहीच नाही. एक ओढ दिली की आठ. दोन ओढी दिल्या की अठ्ठ्याऐंशी.

"मी तुले नाई म्हन्लं होतं," नलूबाई म्हणाली. "मले खोटं साल नको, म्हन्लं होतं. चौऱ्याण्णव लिव, म्हन्लं होतं."

"मले नाई आठवत."

"तू रागावला होता."

"मी लय जनाईवर रागावलो. मले कोन कोन ध्यानात राहीन?"

"पन मी पुसाले लावलं होतं तुले!"

"तसं असन तं पाटीवर दिसन," नागोराव म्हणाला आणि २३९ कडे चालू लागला. "नसन तं मी काय करू."

गाळा मिळणार की गुरांचा बाजार, हे आता चार थरांखालच्या दोन आकड्यांवर होतं. लिहिणाऱ्याला ते आठवत नव्हते. आठवत होते ते जिला गाळा हवा होता तिला, आणि तिचा शब्द नोटिशीत पुरावा म्हणून धरलेला नव्हता.

ती फुलसिंगकडे गेली. फुलसिंग चपलांच्या जोड्या लावत होता. त्याची आई लालीबाई दाराशी खुर्चीवर बसली होती. ती रोज तिथंच बसते आणि गिऱ्हाईकाच्या पायाकडे बघून नंबर सांगते. तिचा नंबर चुकत नाही.

"फुलसिंगभाऊ, तुमच्या पाटीच्या खाली माही पाटी हाये."

"हाये ना. नागोनं सांगतलं मले."

"मले थे पाहाची हाये. वरचा रंग काढा लागन."

फुलसिंगने हातातली जोडी खाली ठेवली. "नलूताई, वरचा रंग माहा पुरावा हाये. मी त्याचाच अर्ज टाकला. स्थापना अठ्ठ्याऐंशी."

"तुमचं दुकान दोन हजार सोळाचं हाये."

"मले मालूम हाये. पन पाटीले नाई ना मालूम."

"बरं, खरवडू नका. खाली उतरवून देता का? उन्हात तिरपी धरून पाहतो."

आता लालीबाई बोलली. "पाटी उतरवाची नाई. दुकान बंद कराचं असन तं पाटी उतरवतात."

"मावशी, पाच मिनिटांसाठी."

"पाच मिनिटांसाठी दुकान बंद," लालीबाई म्हणाली आणि नलूबाईच्या पायाकडे बघितलं. "सहा नंबर. डाव्या पायाले साडेसहा."

"तिथंच लटकलेली पाह्यली तं?" नलूबाईने विचारलं.

फुलसिंगने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. लटकलेल्या पाटीला कोणी बघू नये असा नियम नव्हता.

"पाहा ना मंग," फुलसिंग म्हणाला. "पाह्याले कोन नाई म्हन्ते. उन्हात काय दिसते."

निळा

मुदतीच्या शेवटच्या दिवशी स्थळ पाहणी ठेवलेली होती. मालमत्ता विभागाचा श्रेयस जोगळेकर सकाळी अकरा वाजता आला. तो यवतमाळहून रोज येऊन जाऊन करतो. आजोबा कचेरीत होते, वडील कचेरीत होते, म्हणून त्याने इंजिनियरिंग केलं आणि मग तोही कचेरीत लागला. त्याच्या बगलेत गल्लीची फाईल होती.

तो एका टोकाहून पाट्या बघत निघाला. वहीत लिहीत गेला. १९८८च्या नवव्या पाटीशी थांबला आणि मागे वळून सगळ्यांना विचारलं, "१९८८ साली या गल्लीत असं काय झालं होतं?"

नागोराव पान खात होता. नलूबाईने त्याला हाताला धरून आणलं होतं.

"नाही, म्हणजे एकाच वर्षी नऊ दुकानं निघाली," श्रेयस म्हणाला. "आणि फाईलप्रमाणे इथे १९९१ पर्यंत नाला होता. एक्याण्णव साली त्याच्यावर स्लॅब पडला. अठ्ठ्याऐंशी साली इथे दुकान टाकायचं म्हणजे पाण्यात टाकावं लागलं असतं."

"उन्हाळ्यात कोरडा राहे थो," नागोराव म्हणाला.

श्रेयसने हे वहीत लिहिलं नाही. त्याने नऊ नावांपुढे एक एक आडवी रेघ ओढली. फुलसिंग जवळच उभा होता. त्याने रेघ पाहिली.

"साहेब, माही बी?"

"तुमचीही."

"मी तुले सांगतलं होतं खरं साल लिव म्हनून," लालीबाई खुर्चीवरून म्हणाली.

"याडी," फुलसिंग आईला म्हणाला, "तू काहीच नोती सांगतली."

"मनात सांगतलं होतं."

मग नलूबाई पुढे झाली. तिने टवका दाखवला. पिवळा, लाल, हिरवा, निळा असं बोट लावून मोजलं. श्रेयसने मोबाईलचा टॉर्च लावून पाटीच्या कडेने उजेड टाकला. दुपारचे बारा वाजत होते. टॉर्च लागला आहे की नाही हेही कळत नव्हतं.

"अंधारात दिसेल कदाचित," तो म्हणाला.

"मंग रात्री या."

"रात्री पाहणी होत नाही, मावशी. कार्यालयीन वेळेतच होते."

"ऊन तिरपं झालं की दिसते," नागोराव म्हणाला. "आजकाल साडेचारले होते. पंधरा-वीस मिन्टं राहते. मंग स्टँडची भिंत आड येते."

श्रेयसने घड्याळ पाहिलं. "माझी बस चार चाळीसची आहे."

"तं दहा मिन्टं हायेत ना."

"स्टँडवर जायला पाच लागतात."

"तं पाच हायेत," नलूबाई म्हणाली. "बसा. च्या घेता का?"

श्रेयस तिच्या दुकानात बसला. पुढचे चार तास त्याने नऊ रद्द अर्जांचे शेरे लिहिले. मधे एक बाई ब्लाऊजचं माप द्यायला आली, त्याला पाहून परत गेली. मग दुसरी आली, तीही परत गेली. तिसरी गेल्यावर नलूबाई म्हणाली, "पाह्यलं ना साहेब? एक मानूस बसला तं असं होते. तथी तं दीडशे मानसं अन् तीनशे बैल असतात."

श्रेयस खुर्ची घेऊन बाहेर गेला आणि शेरे बाहेर लिहू लागला.

चार वाजता ढग आला. तो लहान होता, पण सूर्य नेमका त्याच्यामागे होता. नलूबाई रस्त्यात उभी राहून ढगाकडे बघत राहिली. नागोराव दुसरं पान लावून घेऊन आला.

"सरकन," तो म्हणाला. "नाई सरकला तं नाई."

चार पंचविसला श्रेयसने फाईल आवरली.

चार एकतीसला ढग सरकला. ऊन गल्लीत जमिनीलगत शिरलं, हातपंपावरून, नोटिशीवरून, चपलांच्या जोड्यांवरून गेलं आणि पाटीला कडेकडेने लागलं.

पिवळ्या रंगावर आधी मुंगूस उठलं. पूर्ण नाही, पाठ आणि शेपूट. मग 'फुलसिंग फूटवेअर'मधून आडवं 'गुडलक' वर आलं. त्याच्याही मधून, वेगळ्याच उतारावर, 'दीपा'. अक्षरांना रंग नव्हता, नुसती सावली होती, पांघरुणाखाली झोपलेल्या माणसाचे गुडघे दिसावेत तशी. फुलसिंग दुकानातून बाहेर आला. आठ वर्षं त्याने ही पाटी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसली होती.

"माह्या पाटीत एवढी गर्दी हाये?" तो म्हणाला.

"साल पाहा," नलूबाई म्हणाली. "साल."

तळाशी सगळे थर एकाच जागी होते. नागोरावचा हात इतकी वर्षं एकाच ठिकाणी पडला होता. 'स्थापना' चार वेळा एकमेकांवर, जाड वरवंट्यासारखं. एक, नऊ. पुढे आठ आणि आठ, ओढीवर ओढ.

श्रेयस स्टुलावर चढला. "अठ्ठ्याऐंशीच दिसतंय, मावशी."

नलूबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"मले चढू द्या," नागोराव म्हणाला.

श्रेयस उतरला, नागोराव चढला. त्याने पाटीकडे नीट बघितलंही नाही. पान गालात सारलं आणि उजव्या हाताचं बोट सालावर ठेवून आंधळा चाचपतो तसं फिरवलं. पहिल्या आठावर नेलं. परत नेलं. मग दुसऱ्या आठाच्या खालच्या बाजूला थांबवलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं.

"इथं गाठ हाये."

"कसली गाठ?"

"आठाले गाठ नसते साहेब. एकच ओढ असते. गाठ चाराले असते. अन् ह्याच्या आधीच्याले वेटोळं हाये. म्हंजे नऊ." तो खाली वाकून नलूबाईकडे बघत म्हणाला, "चौऱ्याण्णव हाये वो."

श्रेयस दुसऱ्या स्टुलावर चढला. फुलसिंगने तो आणून दिला होता. आता दोघंही वर होते. श्रेयसने बोट फिरवलं. त्याला आधी काही कळलं नाही. मग ऊन अजून थोडं खाली आलं आणि गाठीच्या एका बाजूला सावली पडली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी.

"पण इथे निळ्यातसुद्धा आधी आठ आहे," तो म्हणाला. "आठावर निळा रंग मारलाय, त्याच्यावर चार आहे. टवक्यातून कड दिसते."

"असनच ना. आधी मी आठच काढला असन. मंग ह्या बाईनं पुसाले लावला."

"तुम्हाला आठवतंय?"

नागोरावने विचार केला. गल्लीतली नऊ माणसं खाली जमली होती. त्या नऊ जणांच्या पाट्या त्याने रंगवल्या होत्या.

"एक बाई भांडलती," तो शेवटी म्हणाला. "थे कोन होती ते ध्यानात नोतं. पन भांडलेली एकच होती. बाकी कोनीच काही म्हन्लं नाई."

नऊ जणांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "आमाले काय मालूम असं काम पडन म्हनून."

"तिले तरी कोठी मालूम होतं," नागोराव म्हणाला.

श्रेयसने अकरा फोटो काढले. आठव्या फोटोच्या वेळी स्टँडवरून बसचा हॉर्न ऐकू आला. त्याने त्या दिशेला बघितलं आणि नववा काढला. अकराव्या फोटोत भिंतीची सावली पाटीच्या अर्ध्यावर आली आहे आणि मुंगूस गेलेलं आहे.

रात्री साडेसातची बस होती.

पत्रा

श्रेयसचा शेरा असा: 'पाटीच्या सर्वांत खालच्या थरावर १९८८ हे वर्ष खोडून १९९४ असे लिहिल्याचे तिरप्या उन्हात स्पष्ट दिसते. उर्वरित आठ पाट्यांवर खाडाखोड आढळली नाही. सबब अर्जदार क्र. १४ यांचा पुरावा ग्राह्य धरावा.' साहेबांनी शेरा वाचून त्याला बोलावलं. खाडाखोड आहे म्हणून कागद परत केल्याची प्रकरणं त्यांच्या नोकरीत शेकड्याने होती. खाडाखोड आहे म्हणून मान्य केल्याचं एकही नव्हतं. त्यांनी फोटो पाहिले, चष्मा पुसून परत पाहिले आणि सही केली.

नलूबाईला तळमजल्यावरचा सात नंबरचा गाळा मिळाला. संकुलातल्या सगळ्या पाट्या सारख्या असतात. कंत्राटदार लावतो. निळा रंग, पांढरी अक्षरं, सव्वा फूट बाय पाच फूट. खाली साल टाकता येईल का असं तिने विचारलं. नियमात बसत नाही असं तिला सांगण्यात आलं.

"निळी हाये, चालते," ती म्हणाली. जुना फ्लेक्स तिने भावाला तुरीवर झाकायला दिला. ती हसणारी बाई आता आभाळाकडे बघते.

दीपा मारेगावला शाळेत शिकवते. रविवारी नवीन दुकान बघायला आली तेव्हा तिने विचारलं, आई, तेव्हा तुला कोणी साल विचारणार नव्हतं, मग एवढं भांडलीस कशाला?

"चौऱ्याण्णवले उघडलं म्हनून," नलूबाई म्हणाली आणि मशीनमध्ये दोरा ओवला.

नऊपैकी चौघांना त्याच संध्याकाळी घरात वीज बिलं सापडली. पाच जण गुरांच्या बाजारामागे गेले. फुलसिंगला चिठ्ठीत कोपऱ्याची जागा निघाली. तिथं चिखल असतो आणि चपला जास्त तुटतात. पाटी त्याने स्वतः उतरवली, ऑटोत उभी घातली, नवीन जागेवर ठोकली आणि मग आईला आणलं. ऑटो रवीचा होता. रवीने टवक्यातून लाल रंग पाहिला आणि भाडं घेतलं नाही.

नागोराव बाजाराकडच्या खांबांवर नंबर टाकत तिथवर पोचला तेव्हा त्याने फुलसिंगला विचारलं, साल बदलून देऊ का, दोन हजार सोळा. फुलसिंग म्हणाला राहू दे. लालीबाई म्हणाली राहू दे. नागोरावने वर बघितलं. दुपार होती. दोन हजार सोळाच्या सहाला शेपूट काढावं लागलं असतं. तो पुढच्या खांबाकडे गेला.

१९९४ साली निळी पाटी रंगवायला नागोरावला अडीच दिवस लागले. त्यातला अर्धा दिवस चाराचा होता.